मागची दोन चाकं

शनिवार, २५ ऑक्टोबर. आर्नहेम

मराठी मंडळाची दिवाळी झाली. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं म्हणून कार्यक्रम वेळेवर संपला. हे मीच लिहून ठेवतो, दुसरं कोणी म्हणणार नाही.

पण आजचा खरा कार्यक्रम झाला हॉलच्या बाहेर, पार्किंगमध्ये. अश्लेषाने गाडी घेतली. अश्लेषा दोन वर्षांपूर्वी ठाण्याहून आली, टोमॅटोच्या बियाण्यांवर संशोधन करते. तिच्या कंपनीची ग्रीनहाउसं पार गावाबाहेर शेतात, बस अर्ध्या वाटेतच सोडते. पुण्याला परत निघालेल्या एका कुटुंबाकडून तिने छोटी लाल गाडी घेतली. मला म्हणाली, "संजीवदादा, हिवाळ्यासाठी टायर बदलावे लागतील का? तुम्ही सांगाल तसं करते."

मला हे आवडतं, नाही कशाला म्हणू. वॉशिंग मशिन, हीट पंप, मुलांची शाळा, सगळं मंडळी मलाच विचारतात. टायरवर तर माझी एक्सेल शीट तयार आहे, बावीस ओळींची. पाच-सहा जण जमले, मग मी नीट समजावून सांगितलं. हॉलंडमध्ये हिवाळी टायरची सक्ती नाही. सीमेपलीकडे जर्मनीत बर्फ असेल तर आहे. टायरच्या अंगावर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाचं फूल असं चिन्ह असलं की तो बर्फात चालतो, मग तो खास हिवाळी असो नाहीतर बारा महिने चालणारा ऑल सीझन. खिशातलं दोन युरोचं नाणं पुढच्या चाकाच्या खाचेत घालून दाखवलं. चंदेरी कड पूर्ण बुडाली, म्हणजे खाच चांगली खोल. म्हटलं, "ऑल सीझन आहेत आणि नव्यासारखे आहेत. बिनधास्त चालव. काही बदलू नकोस."

अश्लेषाची आई, लीलावतीकाकू, परवाच आल्यात, तीन महिन्यांसाठी. त्या मागच्या चाकापाशी वाकून उभ्या होत्या, पदर टायरला लागत होता. "संजीवराव, हे मागचे..." असं काहीतरी म्हणत होत्या. मी म्हटलं, "काकू, हात काळे होतील तुमचे. आत जाऊन फराळ घ्या, गाडीचं आम्ही बघतो." सगळे हसले. काकूही हसल्या. गोड बाई आहेत.

गाडीची मागची बाजू गवतात होती, सगळा राडा. मी पांढरा लेंगा घातला होता आणि इतका वेळ बाहेर उभा राहूनही लेंग्यावर एक डाग नाही. जयंतीने चक्क मान्य केलं, बायको असून.

रविवार, ९ नोव्हेंबर

आपल्या गाडीला हिवाळी टायर चढवून आणले. चारही. उन्हाळी चार दुकानातच ठेवले, एप्रिलपर्यंत. जयंती म्हणाली, "अश्लेषाला नको सांगितलंस आणि आपल्याला का?" म्हटलं, तिचे ऑल सीझन आहेत, तिला गरज नाही. आणि आपल्याला कधी जर्मनीत जायचं झालं तर. जयंती 'बरं' म्हणाली. तिचं हे 'बरं' मला कळत नाही.

रविवार, ४ जानेवारी

कालपासून बर्फ. इतका की लेकीच्या, जुईच्या, सायकलचं फक्त हँडल दिसतंय.

अश्लेषा आणि काकू आज आमच्याकडे जेवायला येणार होत्या. सकाळी दहाला अश्लेषाचा फोन. "दादा, खूपच बर्फ आहे. येऊ ना गाडीने? की राहू दे आज?" मी म्हटलं, "अगं, ऑल सीझन टायर आहेत तुला, कशाला घाबरतेस? ये, भरली वांगी केलीत."

साडेअकराला आमच्या रस्त्याच्या वरच्या वळणावर गाडी फिरली. सगळं हॉलंड सपाट, आणि उतार नेमका आमच्या दारात. मी खिडकीतूनच बघत होतो. गाडी हळूच येत होती, अगदी हळू. अश्लेषाने ब्रेक लावला आणि मागची बाजू पुढे आली, गोल फिरून उजव्या बाजूने दिव्याच्या खांबावर. आवाज फार मोठा नव्हता.

काकू उजव्या बाजूला बसल्या होत्या. मनगट मोडलं, उजवं. बरगडीला मार आहे. हॉस्पिटलमधून चारला परत आल्या, प्लॅस्टर सहा आठवडे. अश्लेषाला काही लागलं नाही. पूर्ण वेळ ती एकच वाक्य बोलत होती, "मी ब्रेक जोरात दाबला. मी ब्रेक जोरात दाबला." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, होतं असं, नवीन आहेस तू.

वांगी तशीच आहेत. कोणी जेवलं नाही.

मंगळवार, ६ जानेवारी

हे लिहायचं की नाही, यावर अर्धा तास गेला. लिहितो.

अश्लेषाला गॅरेजला जायचा धीर होत नव्हता, म्हणून गाडीत राहिलेली काकूंची शाल आणायला मी गेलो. गाडी वर उचललेली होती, चाकं बरोबर माझ्या डोळ्यांसमोर. पुढच्या दोन्हींवर डोंगर आणि बर्फाचं फूल. मागच्या दोन्हींवर काही नाही. मी हातमोज्याने पुसून बघितलं. नाही. तिथे चार आकडे होते, ३२१४. म्हणजे २०१४ सालचा बत्तिसावा आठवडा. उन्हाळी टायर, अकरा वर्षांचे, रबर नखाला दगडासारखं लागतं. आधीच्या मालकाने पुढचे दोनच बदलले होते.

मेकॅनिक साठीचा, शांत माणूस. म्हणाला, हे सगळ्यात वाईट. चारही वाईट असते तर गाडी सरळ घसरली असती. पुढचे धरतात आणि मागचे सोडतात, मग गाडी फिरते. ब्रेक कोणीही कसाही दाबला असता तरी फिरलीच असती. मग त्याने विचारलं, "घेताना कोणी बघितले नव्हते का हे?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही."

डच भाषेत खोटं बोलायला किती सोपं जातं. तो म्हणाला, मालकिणीला फोन करून सांगतो. मी म्हटलं, राहू दे, मी सांगतो, ती आधीच घाबरलेली आहे.

सीटखाली एक डबा सापडला. नारळाच्या वड्या. अश्लेषाला फोन केला तर म्हणाली, "तुमच्यासाठीच केल्या होत्या आईने, ठेवा." जुईने चार खाल्ल्या. मी डबा बंद करून ठेवला.

टायरबद्दल मी तिला काही बोललो नाही. उद्या सांगतो.

बुधवार, ७ जानेवारी

सांगितलं नाही. त्याहून वाईट केलं.

मंडळाच्या ग्रुपवर सकाळपासून अपघाताची चर्चा. नवशिक्यांनी बर्फात गाडी काढूच नये, वगैरे. मग कोणीतरी लिहिलं, संजीवदादा, तुम्हीच काहीतरी मार्गदर्शन करा. आणि मी केलं. 'बर्फात गाडी चालवताना घ्यायची काळजी', अकरा मुद्दे. चौथा मुद्दा: ब्रेक कधीही जोरात दाबू नये. टायरबद्दल एक शब्द नाही. टायरवर बावीस ओळींची शीट करणाऱ्या माणसाने टायरबद्दल एक शब्द लिहिला नाही, आणि हे कोणाच्या लक्षातही आलं नाही.

त्रेचाळीस अंगठे आले. सगळ्यात शेवटी अश्लेषाचा संदेश, हात जोडलेले: 'थँक यू दादा. हे आधी वाचायला हवं होतं मी.'

माझी मलाच किळस आली. फोन उलटा करून ठेवला.

शुक्रवार, ९ जानेवारी. युट्रेख्टच्या गाडीत

ऑफिसला निघालोय, बर्फामुळे ट्रेन उशिरा, म्हणून लिहितोय. माझी बाजूही कुठेतरी लिहिलेली असावी.

एक: इथे हिवाळी टायरची सक्ती नाही, तेव्हा कायद्याने माझं काहीच चुकलं नाही. दोन: मी मेकॅनिक नाही, माझं मत फुकट होतं. तीन: गाडी विकणाऱ्याने सांगायला हवं होतं. चार: त्या दिवशी पार्किंगमध्ये पाच-सहा जण होते, मागचं चाक बघायला कोणाला सुचलं नाही, कोणी एक अक्षर बोललं नाही.

चारही मुद्दे बरोबर आहेत. युट्रेख्ट येईपर्यंत मी ते तीनदा वाचले, मग फोनवर शीट उघडली. शीटची चौदावी ओळ मीच लिहिली आहे: 'चारही टायर एकसारखे हवेत, चारही बघावेत.'

मागे का गेलो नाही ते मला माहीत आहे. चिखल होता आणि लेंगा पांढरा होता.

रविवार, ११ जानेवारी

जयंती आणि मी त्यांच्याकडे जाऊन आलो. काकू डाव्या हाताने वरणभात खात होत्या, अर्धा ताटाबाहेर सांडत होता. जयंती भरवू लागली तर म्हणाल्या, "अगं राहू दे, जमतंय."

अश्लेषा आता बसने जाते, पुढे पंचवीस मिनिटं बर्फातून चालत. किल्ली ड्रॉवरमध्ये टाकून दिली आहे. म्हणाली, "दादा, मी गाडी चालवायच्या लायकीची नाही. आईला घेऊन आले आणि तिचा हात मोडला. परत कधी स्टिअरिंगला हात लावणार नाही." कंपनीतही विचारून बसली आहे, गावातल्या ऑफिसात टेबलावरचं काम मिळेल का म्हणून. ज्या ग्रीनहाउससाठी एवढी शिकून आली, ते सोडून. अठराला काकूंचं विमान आहे, आणि पुढच्या वर्षी आईला बोलवायचं नाही असंही तिने ठरवलंय. हे सगळं त्या एका ब्रेकमुळे, जो तिने बरोबरच दाबला होता.

मी समोर बसून चहा पीत होतो. दोन वाक्यांत संपलं असतं. मी आणखी अर्धा कप मागितला.

निघताना काकू दारापर्यंत आल्या. हळूच म्हणाल्या, "पोरगी स्वतःला दोष देतेय. खरं तर माझंच चुकलं." मी म्हटलं, तुमचं काय चुकणार काकू, तुम्ही तर नुसत्या बसला होतात. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि मान हलवली. आईचं मन, दुसरं काय.

बुधवार, १४ जानेवारी. संक्रांत

रायस्वाइक गावातल्या एका बाळाचं बोरन्हाण आहे शनिवारी. त्याच्यासाठी काकू हलव्याचे दागिने करणार होत्या. हलवा घरी करतात, खसखशीवर पाक घालत कढईत बोटांनी तासन् तास फिरवत. खसखस, गाळलेला पाक, सगळं तयार होतं. आता मुकुट, बाजूबंद, बासरी, सगळं दुकानातून मागवलं.

जयंतीने तिळगूळ हातावर ठेवला आणि म्हणाली, "बोल आता काय ते. आठ दिवस तोंड पाडून बसलायस."

सांगितलं. सगळं, लेंग्यापासून मेकॅनिकपर्यंत. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "मला कशाला सांगतोस? मी गाडीत नव्हते."

जुई जिन्यावर बसून ऐकत होती. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. "बट बाबा, यू ऑल्वेज से यू चेक्ड."

गुरुवार, १५ जानेवारी

ऑफिसातून थेट अश्लेषाकडे गेलो. बूटही न काढता दारातच बोलायला सुरुवात केली, कारण बसलो असतो तर चहा आला असता आणि चहा आला असता तर मी पुन्हा गप्प बसलो असतो.

म्हटलं, अश्लेषा, तुझा ब्रेक बरोबर होता. मागचे टायर उन्हाळी होते, अकरा वर्षांचे. मी ते बघितलेच नव्हते, पुढचे दोन बघून चारही चांगले म्हणालो. आणि हे मला सहा तारखेपासून माहीत आहे.

ती म्हणाली, "सहा तारखेपासून."

"हो."

"म्हणजे ते अकरा मुद्दे लिहिलेत, तेव्हा माहीत होतं."

"हो."

"मी त्याला हात जोडले, दादा. दहा दिवस झाले, रोज झोपेत तो ब्रेक सोडायचा प्रयत्न करतेय. ऑफिसात जाऊन सांगून आले की मला जमत नाही. आणि तुम्ही रविवारी इथे बसून चहा प्यायलात."

मी माफी मागितली. ती म्हणाली, "आत्ता नका मागू, आत्ता मी देऊ शकणार नाही." आणि आतल्या खोलीत गेली. मला हेच मिळायला हवं होतं.

मी वळलो तर काकू म्हणाल्या, "बसा, संजीवराव." बसलो. त्यांनी प्लॅस्टरचा हात मांडीवर नीट ठेवला.

"मी एस.टी.त होते, माहितीये तुम्हाला?"

मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. काकू म्हणजे फराळ, वड्या, हलवा, एवढंच माझ्या डोक्यात.

"ठाणे डेपो, टायर सेक्शन. बत्तीस वर्षं. कुठला टायर कुठल्या गाडीला, किती किलोमीटर चालला, कधी उतरवला, सगळ्या नोंदी माझ्याकडे. गाडी घाटात जायची असेल तर सहाही चाकं वाकून बघायची, तशी माझी सवयच. तुमच्या दिवाळीला मागचे दोन वेगळे आहेत ते मला बघताक्षणी दिसलं. रबर हाताला कडक लागलं. सांगायला गेले तुम्हाला."

मला आठवेना. आणि मग आठवलं.

"तुम्ही म्हणालात, हात काळे होतील. चारचौघांत सगळे हसले, मीही हसले. म्हटलं, परका देश, इथलं काहीतरी निराळं असेल, हे एवढं ठासून सांगतायत. घरी जाऊन पोरीला तरी सांगायचं, तेही नाही सांगितलं. तिच्या डोळ्यांत तुमच्याबद्दल इतका विश्वास. बत्तीस वर्षं ज्याचा पगार घेतला, त्यात माझंच तोंड बंद राहिलं. म्हणून म्हटलं त्या दिवशी, माझंच चुकलं."

म्हणजे अश्लेषाला वाटत होतं तिने केलं, काकूंना वाटत होतं त्यांनी केलं. आणि ज्याने केलं तो मुद्दे लिहीत होता.

घरी येऊन २५ ऑक्टोबरचं पान काढलं. 'संजीवराव, हे मागचे...' माझ्याच अक्षरात, पुढे माझाच विनोद, आणि त्याखाली 'गोड बाई आहेत'. आणि ट्रेनमध्ये मी लिहिलंय, कोणी एक अक्षर बोललं नाही. मी खोटं लिहिलं नव्हतं. मी खरंच ऐकलं नव्हतं. याची जास्त लाज वाटते.

शुक्रवार, १६ जानेवारी

ग्रुपवर लिहिलं. मुद्दे नाहीत, सहा ओळी. अश्लेषाची चूक नव्हती, टायर मी न बघता चांगले म्हणालो, काकूंनी सांगायचा प्रयत्न केला तेव्हा मी त्यांना गप्प केलं, आणि कळल्यावर दहा दिवस लपवलं. अकरा मुद्द्यांचा संदेश काढून टाकला.

एकही अंगठा नाही. तासाभराने कोणीतरी विषय बदलून बोरन्हाणाचा पत्ता पाठवला.

संध्याकाळी अश्लेषाचा दोन शब्दांचा संदेश: 'टायर कुठे?' मी दुकानाचा पत्ता पाठवला. कुठला टायर घ्यावा हे लिहिलं होतं, ते पाठवायच्या आधी पुसलं. मग तिचा दुसरा संदेश आला: 'आईने सांगितलाय कुठला घ्यायचा.'

रविवार, १८ जानेवारी

काकू गेल्या. अश्लेषा स्वतः गाडी चालवत त्यांना विमानतळावर घेऊन गेली. मला कोणी बोलावलं नव्हतं, सकाळी काकूंचाच फोन आला, "दहा मिनिटं येऊन जा."

लाल गाडी त्यांच्या इमारतीखाली उभी होती. दार चेपलेलंच आहे, पण नीट लागतं. नवे टायर काल चढवले. बर्फ वितळून सगळीकडे काळा चिखल. अश्लेषा स्टिअरिंगवर बसली होती, सरळ पुढे बघत. माझ्याकडे बघून तिने मान हलवली, तेवढंच.

काकूंच्या डाव्या हातात पेन होतं आणि एक छोटी वही, गाडीच्या टपावर टेकवलेली. म्हणाल्या, "मला वाकता येत नाही, बरगडी दुखते. तुम्ही वाचा, मी नोंद करते. पुढचं डावं."

मी वाकलो. "डोंगर, बर्फाचं फूल. पंचेचाळीस, पंचवीस." त्यांनी डाव्या हाताने, वाकड्या मोठ्या आकड्यांत, सावकाश लिहिलं. "पुढचं उजवं." तेही वाचलं. "मागचं उजवं." तेही. प्रत्येक वेळी त्या लिहून होईपर्यंत मी तसाच वाकून थांबत होतो.

मागचं डावं चाक डबक्यात होतं. मी उभ्यानेच म्हटलं, "तेच आहे काकू, चारही सारखेच चढवलेत."

"सारखेच आहेत, मला माहितीये," काकू म्हणाल्या. पेन वहीवर तसंच धरलेलं. "वाकून वाचा."

मी चिखलात गुडघा टेकला, हाताने टायर पुसला आणि वाचलं.